मोठा टर्बो बसवला, आता ईसीयू कोणता घ्यायचा?

ठाण्याच्या एका फियाट लिनिया टी-जेटवाल्यांचा (टर्बो पेट्रोल गाडी) प्रश्न थोडक्यात असा. गाडी २०११ची. रोज घोडबंदर रोडवरून अंधेरीला ऑफिस, अधूनमधून रविवारी लोणावळा. मूळ टर्बो काढून मोठा बसवला, मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल सोडणारे इंजेक्टर घातले, टर्बोची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर मात्र कंपनीचाच आहे. ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, कुणीतरी बाहेरून मागवलेली आकड्यांची फाईल भरून दिली. आता चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी दम सोडते, धरते, पुन्हा सोडते. तीन गॅरेजांत तीन सल्ले मिळाले: पिगीबॅक लावा (मूळ ईसीयूला जोडून बसणारा डबा), स्टँडअलोन लावा (इंजिन स्वतः चालवणारा वेगळा ईसीयू), फाईल बदला. हातात दीड लाख आहेत, २०० एचपी हवेत, आणि विचारलंय, ‘सगळ्यात चांगला ईसीयू कोणता?’

तुमच्या वर्णनात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळलेत. एक, गाडी दम का सोडते. दुसरा, या इंजिनाला अजून काही वर्षं रोज ठाणे-अंधेरी करायचं आहे, तर त्याचा कारभार कुणाच्या हातात द्यायचा. पहिल्याचं निदान न करता दुसऱ्यावर पैसे घातलेत तर नवा बॉक्स बसवूनही तोच झटका येईल. माझं काम भांडुपला, टर्बो गाड्यांचंच. ‘ईसीयू बदलला तरी तसंच’ म्हणून ज्या गाड्या येतात, त्यांत दुखणं बहुतेक वेळा प्लग, कॉइल, सैल क्लिपचा होज नाहीतर दमलेला पेट्रोल पंप यांतच निघतं.

म्हणून आधी झटका. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा जादा दाब, वाढला की सिलिंडरमधल्या दाट हवेतून ठिणगी उडवणं कॉइलला जड जातं. प्लगचा गॅप ०.८ मिमी असेल तर तो ०.६वर आणून बघा. खर्च शून्य, आणि कितीतरी गाड्या एवढ्यावर सुटतात. प्लग बदलायचेच असतील तर मूळपेक्षा एक पायरी थंड घ्या. मग धूर सोडून बूस्ट लीक टेस्ट करून घ्या. इंटरकूलरचे जुने रबरी होज नुसत्या डोळ्यांनी चांगले दिसतात आणि एक बार दाबाला उघडतात.

दुसरी शक्यता पेट्रोलची, आणि ती जरा खोलात जाऊन सांगतो, कारण इंजेक्टरच्या खोक्यावरचा आकडा इथे फसवतो. तुमच्या गाडीचा प्रेशर रेग्युलेटर टाकीतच असेल आणि रेलपासून (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) परतीची लाइन नसेल, तर रेलमधला दाब ठरावीक राहतो, समजा ३.५ बार. इंजेक्टरच्या तोंडाशी मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) एक बार बूस्ट आला की पेट्रोल ढकलायला उरतो २.५ बारचा फरक. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे साधारण १५ टक्के घटतो. तुमचा ४४०चा इंजेक्टर ऐन गरजेच्या वेळी ३७०च्या आसपास येतो. आता गरज किती ते पाहा. टर्बो पेट्रोल इंजिनाला २०० एचपीसाठी, इंजेक्टर पूर्ण क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालवायचे धरले तर, प्रत्येकी सुमारे ४०० सीसी लागतात. ई२०साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, त्यावर आणखी आठ टक्के. हिशोब तिथेच तुटला. हे ईसीयू सोडवू शकत नाही. मॅनिफोल्डच्या दाबाबरोबर रेलचा दाब वाढवणारा रेग्युलेटर, परतीची लाइन आणि तो भार पेलणारा पंप, हे सोडवतं.

तिसरी शक्यता फाईलची. तुमच्या गाडीचा मूळ ईसीयू टॉर्कच्या हिशोबावर चालतो. तुम्ही पेडल दाबता ती त्याच्या लेखी टॉर्कची मागणी असते. हवा किती आली यावरून तो टॉर्क काढतो, आणि आलेला टॉर्क अपेक्षेपेक्षा जास्त वाटला की इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल स्वतःच मिटतो. मूळ टर्बोसाठी लिहिलेली फाईल मोठ्या टर्बोवर चालवली की नेमकं ‘धरते, सोडते, धरते’ होतं. पेडल १०० टक्के असताना थ्रॉटलची प्लेट ४० टक्क्यांवर आलेली लॉगमध्ये (चालत्या गाडीतल्या सेन्सरांच्या नोंदीत) दिसली, तर समजा की झटका फाईलमधून येतोय. शिवाय मूळ बूस्ट सेन्सर ज्या दाबापर्यंत मोजतो त्याच्या वर तुम्ही गेलात, तर ईसीयूला पुढचं काहीच दिसत नाही.

आता ईसीयूकडे येतो. मी निवड करताना एकच कसोटी लावतो: त्या गाडीचा वर्षातला सगळ्यात वाईट दिवस. तुमच्यासाठी तो मे महिन्यातला. दुपारी मानपाड्याच्या सिग्नलला वीस मिनिटं एसी चालू ठेवून गाडी उभी. बॉनेटखाली सगळं तापलेलं, इनटेकची हवा ६० अंशांच्या पुढे. टाकीत आडवळणाच्या पंपावरचं पेट्रोल. आणि रस्ता मोकळा झाला म्हणून तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये पेडल तळाला नेलं. पुढची तीन सेकंदं इंजिन कोण सांभाळतो? डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) मोठे पंखे लावून रात्री काढलेला आकडा त्या तीन सेकंदांत उपयोगी पडत नाही. पिस्टनची रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांमधली कड, तुटते ती अशाच वेळी.

या कसोटीवर पिगीबॅक पहिला बाद होतो, निदान तुमच्या गाडीसाठी. पिगीबॅक मूळ ईसीयूला खोटे सिग्नल देतो: बूस्ट कमी दाखवतो, तापमान वेगळं दाखवतो, क्रँकचा सिग्नल थोडा पुढेमागे सरकवतो. मूळ टर्बोवर थोडी ताकद वाढवायची असेल तर भागतं. पण मूळ ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण सतत सुधारत असतो. तुम्ही क्रूझमध्ये केलेला बदल तो काही दिवसांत पुसून टाकतो आणि तीच सुधारणा बूस्टमध्येही घेऊन जातो. एक इंजिन, दोन मालक, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. वाईट दिवशी कोण टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणार याचं खात्रीचं उत्तर नसतं.

मूळ ईसीयूच नीट लिहून घेणं, म्हणजे खरा कस्टम रीमॅप, हा पर्याय लोक उगाच कमी लेखतात. कारखान्याने त्या ईसीयूमध्ये नॉक (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटणं) आवरणारा कंट्रोल, उष्णतेची भरपाई, कोल्ड स्टार्ट, एसीचा भार, इमोबिलायझर, डॅशबोर्डशी बोलणं, सगळं बसवलेलं असतं, आणि हजारो किलोमीटर चालवून तपासलेलं असतं. बूस्ट सेन्सर मोठा घालून त्याचं कॅलिब्रेशन, इंजेक्टरचा डेटा आणि टॉर्कची टेबलं जुळवून लिहिली, तर २०० एचपीची रोजची गाडी यावर उत्तम चालते. अट एकच: फाईल लिहिणारा माणूस तुमच्या गाडीचा लॉग बघून टेबल न् टेबल बदलणारा हवा. मेलवर आलेली तयार फाईल हा रीमॅपच नव्हे.

स्टँडअलोन कधी? इंजेक्टर, टर्बो, सेन्सर इतके बदललेत की मूळ ईसीयूची गृहीतकंच कोसळली. फ्लेक्स फ्युएल, म्हणजे इथेनॉलच्या बदलत्या प्रमाणावर चालणं, हवंय. पेट्रोलच्या दाबावर, तेलाच्या दाबावर इंजिन वाचवणारी कटऑफ हवी. किंवा तुमच्या जवळपास मूळ ईसीयूची फाईल नीट जाणणारा कुणी नाही, पण स्टँडअलोन नीट ट्यून करणारा आहे. हे शेवटचं कारण मी सगळ्यात वजनदार मानतो. जुन्या होंडा सिटीवर किंवा एस्टीमवर टर्बो किट चढवलेलं असतं तर मी दुसरा विचारच केला नसता, सरळ स्टँडअलोन. त्या गाड्यांत केबलचा थ्रॉटल, साधा डॅशबोर्ड. लिनियात तसं नाही. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक, किल्लीपासून मीटरपर्यंत सगळं कॅन बसवर, म्हणजे डब्यांना एकमेकांशी बोलवणाऱ्या वायरवर. म्हणून तिथे मूळ ईसीयू जागेवर ठेवून त्याच्याकडे इमोबिलायझर, मीटर, एसी एवढं राखायचं आणि पेट्रोल, ठिणगी, बूस्ट स्टँडअलोनकडे द्यायचं, अशी समांतर जोडणी करावी लागते. थ्रॉटल कोण हलवणार हे मात्र पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठरवा. दोघांनी मिळून थ्रॉटल चालवायचा प्रकार मी कुठल्याही गाडीत करत नाही.

नावं विचारलीत म्हणून. न्यूझीलंडचा लिंक, ऑस्ट्रेलियाचे हॅलटेक आणि मोटेक, पोलंडचा ईसीयूमास्टर, स्वीडनचा मॅक्सईसीयू. यांपैकी कुठलाही तुमचं इंजिन व्यवस्थित चालवेल. मोटेक उत्कृष्ट आहे, पण त्याचा पैसा वसूल होतो तो रेस टीमकडे. रोजच्या गाडीसाठी मला ईसीयूमास्टरचा ईएमयू ब्लॅक सोयीचा वाटतो, कारण वाइडबँडचा (मिश्रण नेमकं मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) कंट्रोलर, नॉकचे इनपुट आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची सोय त्याच डब्यात आहे. वेगळे डबे जितके कमी, तितके पावसाळ्यात सुटणारे कनेक्टर कमी. मेगास्क्वर्ट शिकायला फार चांगला. इंजिन कसं विचार करतं हे मी ज्या मुलांना शिकवतो, त्यांना तोच देतो. पण त्याच्या साध्या आवृत्त्यांना इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल थेट हलवता येत नाही, म्हणून तुमच्यासाठी नको. बाकी ज्या बॉक्सवर तुमचा ट्यूनर रोज काम करतो तोच घ्या. त्याला आवडणारा दुय्यम बॉक्स, त्याने कधी न उघडलेल्या भारी बॉक्सपेक्षा तुमच्या इंजिनाला सुरक्षित.

वायरिंगवर लोक पैसे वाचवतात, आणि पुढची दोन वर्षं तेच फेडत बसतात. क्रँक सेन्सरची वायर शिल्डेड हवी आणि शिल्डची अर्थ फक्त ईसीयूच्या टोकाला. सेन्सरची अर्थ बॉडीला न देता ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडलाच. कॉइलची आणि इंजेक्टरची मोठी अर्थ इंजिन ब्लॉकवर. जोड चांगल्या क्रिंपिंग टूलने दाबलेले. डागलेला जोड इंजिनाच्या थरथरीत डाग संपतो तिथेच मोडतो. हीट श्रिंक, रिले, चांगली वायर लॅमिंग्टन रोडला मिळून जाते. मूळ कनेक्टर आणि पिना हव्या असतील तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातल्या गाड्यांचे हार्नेस धुंडाळा. आणि ईसीयू डाव्या पायाखाली कार्पेटमध्ये लपवू नका. किंग्ज सर्कलला किंवा अंधेरी सबवेला एकदा पाणी आत आलं की संपलं. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, वरच्या बाजूला, कनेक्टरचं तोंड खाली करून बसवा. वायर आधी खाली जाऊन मग वर येऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर गळून जातं.

ट्यूनिंगचा क्रम माझ्याकडे ठरलेला आहे. आधी कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतात का याची तपासणी. आजारी इंजिनावर लॅपटॉप उघडतच नाही. मग क्रँकचा ट्रिगर ऑसिलोस्कोपवर बघायचा, आणि टायमिंग लाइट लावून ईसीयू जे सांगतो तेच पुलीवर दिसतंय ना, हे पडताळायचं. स्क्रीनवर १० अंश आणि पुलीवर १४ असले, तर पुढचं सगळं काम चार अंशांनी खोटं. मग इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे करंट मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ, वेगवेगळ्या व्होल्टेजला. मुंबईत हे फार महत्त्वाचं. पावसात हेडलाइट, वायपर, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा सगळं एकदम चालू असतं, व्होल्टेज उतरतं, इंजेक्टर उशिरा उघडतो. डेड टाइमचं टेबल चुकलं असेल तर उन्हात गुळगुळीत असलेलं आयडल जुलैमध्ये डचमळायला लागतं.

यानंतर आयडल आणि क्रूझ. इथे लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, कमी म्हणजे पेट्रोल जास्त) १च्या आसपास, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिथेच काम करतो आणि पीयूसीही तिथेच निघते. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम, आणि वाढवलेल्या आयडलवर लॅम्डा ०.९७ ते १.०३, अशा मर्यादा आहेत. ज्याला ताकद काढता येते पण पीयूसी पास करता येत नाही, त्याचं काम अर्धंच झालंय.

बूस्ट मी कधीही एकदम उघडत नाही. आधी वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणारी झडप) स्प्रिंगवर जेवढा येतो तेवढ्यावर पूर्ण मॅप बसवतो. मग थोडा थोडा वर. पूर्ण बूस्टला लॅम्डा ०.७८ ते ०.८२. टायमिंग एकेक अंशाने, आणि प्रत्येक वेळी टॉर्क किती वाढला ते बघून. दोन अंश देऊनही टॉर्क जागचा हलत नसेल तर ते दोन अंश परत घ्यायचे, ते नुसता धोका वाढवतात. आपल्या पेट्रोलवर बूस्टमध्ये इंजिनाची सगळ्यात जास्त टॉर्क देणारी टायमिंग गाठायच्या आधीच नॉक सुरू होतं, त्यामुळे तिथे मर्यादा नॉकची. तुमच्या इंजिनाचा बोअर ७२ मिमी, म्हणजे नॉकचा सूर साधारण ८ किलोहर्ट्झला येतो. ईसीयूचा नॉक फिल्टर तिथे लावायचा, आणि वर मी ब्लॉकला सेन्सर लावून हेडफोनमध्ये कानांनीही ऐकतो. इंजेक्टरची टकटक आणि नॉकचा कडक, सुका ठोका, यांतला फरक कान लवकर शिकतात. स्क्रीनवरची आलेखाची रेघ नुसता आवाजही असू शकते, म्हणून दोन्ही हवं.

मग येतं ते टेबल, ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो: इनटेक तापमानाची भरपाई. ४५ अंशांपासून टायमिंग हळूहळू मागे घ्यायला सुरुवात, ६०पर्यंत चार-पाच अंश मागे, आणि त्याच्या वर बूस्टही खाली. गाडी त्या क्षणी जरा सुस्त वाटेल. वाटू दे. सेन्सर कुठे बसवलाय यालाही अर्थ आहे. तापलेल्या मॅनिफोल्डच्या धातूत घुसवलेला सेन्सर सिग्नलला उभ्या गाडीत भलतंच तापमान सांगतो आणि गाडी सुटल्यावर बराच वेळ तेच सांगत राहतो. इंटरकूलरनंतरच्या पाइपमध्ये, हवेच्या झोतात, उघड्या टोकाचा सेन्सर लावा. आणि तो मूळ इंटरकूलर बदला, कृपा करून. तुमच्या यादीत २०० एचपीच्या आड येणारी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

ई२०बद्दल वेगळं सांगतो, कारण २०११च्या गाडीत हा प्रश्न दुहेरी आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७, ई२०ला साधारण १३.५. बाहेरच्या देशातल्या पेट्रोलवर बसवलेली फाईल तुम्ही इथल्या ई२०वर चालवली, तर बूस्टमध्ये मिश्रण ठरवल्यापेक्षा पातळ होतं. ट्रिम्स (ईसीयूच्या आपोआप सुधारणा) थोडं सावरून घेतात, सगळं नाही. इथेनॉलमुळे मिश्रण थंड राहतं आणि ऑक्टेनही सुधारतो, ही जमेची बाजू. पण ती मिळते मिश्रण बरोबर असेल तेव्हा. आज ई२०, उद्या लोणावळ्याला जायचं म्हणून १०० ऑक्टेनचं एक्सपी१००, परवा पुन्हा साधं, अशी सरमिसळ तुम्ही करणार असाल तर फ्लेक्स सेन्सर लावण्यात शहाणपण आहे. प्रचलित सेन्सर ५० हर्ट्झला शून्य टक्के इथेनॉल दाखवतो आणि १५०ला १०० टक्के, त्यामुळे स्टँडअलोनमध्ये जोडणं सोपं. नसेल लावायचा तर एक पेट्रोल ठरवा, त्यावर ट्यून करा आणि त्याला चिकटून राहा. दुहेरी म्हटलं ते यासाठी की या वयाच्या गाडीचे रबरी फ्युएल होज आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नाहीत. ते आधी बदलून घ्या. गळका होज आणि तापलेला टर्बो शेजारी शेजारी असतात.

डायनो की रस्ता? दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांना. बूस्टचं, टायमिंगचं काम डायनोवर. तिथे चूक झाली तर माणूस फक्त पाय उचलतो. कोल्ड स्टार्ट, ट्रॅफिकमधला भार, घाटातली लांब चढण हे रस्त्यावर, वेगमर्यादेत, दोन माणसांनी: एक गाडी चालवणारा, एक लॅपटॉपवाला. बोरघाट या कामाला फार चांगला, कारण कमी वेगातही इंजिनावर सलग भार राहतो. शिवाय लोणावळा समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या वर असल्याने हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असतो, तेव्हा बॅरोमेट्रिक भरपाई बरोबर आहे का हेही तिथेच कळतं. रात्रीच्या एक्स्प्रेसवेवर किंवा अटल सेतूवर फुल थ्रॉटलचे ‘पुल’ काढून देतो म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. ताकद मोकळी करून बघायची हौस असेल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या व्हॅली रनसारखी जागा आहे.

क्लच आणि गिअरबॉक्सबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. कंपनीने ही गाडी २०७ न्यूटन मीटरसाठी बनवली. २०० एचपीला जाताना मधल्या आरपीएमला २६०-२७० सहज येतात. मी अशा गाडीत २,५०० ते ३,५००च्या दरम्यान बूस्ट मुद्दाम दाबून ठेवतो आणि वर उघडतो. कनेक्टिंग रॉड वाकतात ते कमी आरपीएमच्या मोठ्या टॉर्कने. सीटला पाठ कमी चिकटते, एचपीचा आकडा तोच येतो, आणि क्लच प्लेटही टिकते.

कायद्याचं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच अधोरेखित केलं, आणि कलम १८२अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची गाडी १५ वर्षांची होतेय, म्हणजे नोंदणी नूतनीकरणासाठी फिटनेसला उभी राहणार. इन्शुरन्सवाल्यांनी बदल न कळवल्याचं कारण दाखवून क्लेम अडवला तर मोठा टर्बो तुमच्या बाजूने बोलणार नाही. हे समजून मगच पुढे जा. आणि मूळ टर्बो, मूळ ईसीयू, मूळ इंजेक्टर विकू नका, घरी बांधून ठेवा.

आता तुमचे दीड लाख. स्टँडअलोन घेतलात तर बॉक्स, ड्युटी आणि वायरिंगमध्येच बहुतेक रक्कम जाईल; इंटरकूलर, पंप, क्लच यांना काही उरणार नाही, आणि वाईट दिवशी तेच उघडे पडतील. म्हणून तुमच्या जागी मी आत्ता मूळ ईसीयू ठेवेन. आधी झटक्याचं निदान, मग इंटरकूलर, पेट्रोलची लाइन आणि पंप, बूस्ट सेन्सर, वाइडबँड गेज, मग मुंबई-पुण्यात जो माणूस समोर बसून मूळ फाईल लिहील त्याच्याकडून कस्टम रीमॅप, २०० ऐवजी १७५-१८० एचपीवर समाधान मानून. तसा माणूस मिळालाच नाही, तर वर्षभर थांबा, पैसे साठवा आणि स्टँडअलोनला जा. इंटरकूलर, पंप, सेन्सर तेव्हाही जसेच्या तसे कामाला येतील.

ट्यूनरकडे जाताना तीन गोष्टी विचारा. मॅपची फाईल मला मिळणार का, की पासवर्ड लावून ठेवणार? तुम्ही ट्यून केलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा, भर दुपारचा लॉग दाखवाल का? आणि सकाळच्या थंड स्टार्टसाठी गाडी रात्रभर ठेवून घ्याल का? तिसऱ्याला ‘गरज नाही’ म्हणाले तर चहा पिऊन निघा.

तोवर मला एवढं पाठवा: टर्बोच्या पाटीवरचा नंबर, प्लगचा सध्याचा गॅप, रेग्युलेटर टाकीत आहे की रेलवर ते, आणि तिसऱ्या गिअरमध्ये २,५००पासून झटका येईपर्यंतचा लॉग, फक्त सुरक्षित जागी काढलेला. त्यात आरपीएम, पेडल, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब, इनटेक तापमान, टायमिंग आणि लॅम्डा हवेत. झटका आला की पाय लगेच उचला, पुन्हा पुन्हा ओढू नका. लॉग आला की पेट्रोल, ठिणगी की फाईल, हे त्यावरून सांगतो.